मनोरीच्या खानावळीत तिथी बघून जा

मुंबईत खाडीची मासळी खायची असेल तर मी सध्या एकच जागा सांगते. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे मनोरीला उतरायचं आणि कोळीवाड्यात मावशींची खानावळ विचारायची. पडवीत चार टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीत दोन शेगड्या. पाटी नाही. दहा-बारा माणसांच्या वर मावशींना झेपत नाही आणि आपलं नाव सगळीकडे फिरलेलं त्यांना नको आहे, म्हणून ते मी लिहीत नाही. धक्क्यावर चौकशी केली की घर दाखवतात.

सुरमई, पापलेट, हलवा खायचा असेल तर जाऊ नका, ते इथे शिजत नाही. इथे शिजतं ते खाडीत आणि खाडीच्या मुखाशी मिळणारं: चिंबोरी, कालवं, बोय, निवट्या, बारीक कोलंबी, कधी शिंगाळा आणि नशीब असेल तर जिताडा. फोन केला की मावशींचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या तिथीला येताय, ताई?" रविवार आहे की मंगळवार, याने त्यांच्या स्वयंपाकात काही फरक पडत नाही. मी नोकरीभर पाण्याचे नमुने तपासले, त्यांतले क्षार मोजले. खाडीचं पाणी बदलेल तसं ताट बदलणारी ही एकच खानावळ मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिथीचं गणित. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन ओढतात, ते उधाण. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे जातं. अष्टमी-नवमीला दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, तो भांग. उधाणात मुखाशी पाण्याला जोर असतो, डोलीचं जाळं, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, भरून येतं. भांगात जाळ्यात फारसं काही नसतं, मग मावशींचा मुलगा कांदळवनात चिंबोऱ्यांच्या मागे जातो. पानात काय वाढलंय ते बघितलं की पंचांग न उघडता तिथीचा अंदाज येतो.

कालवं फक्त उधाणाच्या दिवसांत. तेव्हा पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात आणि बायका लोखंडी आकडी घेऊन कालवं काढायला जातात. दुपारी ती ताटात. कांदा, आलं-लसूण-मिरचीचं हिरवं वाटण, चिंचेचा कोळ, शेवटी मूठभर ओलं खोबरं. मावशी दोन वाफांत उतरवतात, त्यामुळे ती चिवट होत नाहीत. पाणी वरून घालतच नाहीत. कालवांच्या अंगचं खारट पाणी सुटतं तोच रस्सा, आणि मीठ चाखून मगच. हे पाणी कालवाने स्वतःसाठी धरून ठेवलेलं असतं. ओहोटीला उन्हात उघडं पडलं की ते शिंपले घट्ट मिटून आतल्या पाण्यावर तग धरतं. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला तरी हेच करतं, खारं पाणी परत येईपर्यंत तोंड उघडत नाही.

पण कालव खातं ते पाणी गाळून, आणि दिवसभर गाळतच असतं. पाण्यात सांडपाण्याचे जंतू असतील तर तेही त्याच्या अंगात साठतात. तिसऱ्या या शिंपल्यांचंही तेच. म्हणून पहिला मोठा पाऊस पडून नाले धुऊन निघाले की मावशी कालवं बंद करतात आणि पाणी नितळेपर्यंत कोणी कितीही मागितली तरी देत नाहीत. मी प्रयोगशाळेत जे आकडे बघत आले ते बघता हा नियम शंभर टक्के बरोबर आहे. कुठल्याही खानावळीत कालवं किंवा तिसऱ्या मागवण्याआधी कुठल्या खडकावरच्या, कुठल्या खाडीतल्या, हे विचाराच. उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरं काहीतरी मागवा.

आता चिंबोरी. यासाठीच माणसं लांबून येतात आणि यावंच. बाहेर टोपलीत काथ्याने बांधलेल्या चिंबोऱ्या ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या असतात. मावशी एकेक उचलून पोटाकडच्या कवचावर अंगठा दाबतात. कवच दबलं की, "पोकल हाय ही, ही नको," म्हणून बाजूला. अमावास्येला चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, असं सगळेच म्हणतात, पण मावशी तिथीवर विसंबत नाहीत, अंगठ्यावर विसंबतात. कारण पोकळपणा येतो तो कात टाकण्याने. चिंबोरीचं कवच वाढत नाही. वाढायचं तर जुनं सोडावं लागतं. मागच्या बाजूने ते उकलतं, ती मऊ अंगाने उलटी सरकत बाहेर येते, पाणी ओढून घेऊन फुगते, आणि नवं कवच त्या फुगलेल्या अंगावर टणक होतं. आत मांस भरायला पुढे बराच काळ लागतो. तोवर ती दिसते मोठी, आत मात्र पाणीच.

भरलेल्या चिंबोरीचा नांगा इथे फोडून देतात, पण पुरता नाही. एकच टोला, तडा गेला की थांबतात, म्हणजे मसाला आत जातो आणि मांस सांडत नाही. तडा बोटांनी रुंद केला की आतून पांढऱ्या लांब दोऱ्यांचं मांस एका तुकड्यात निघतं, कडेला लालसर. आधी ते नुसतं खाऊन बघा, रस्स्याशिवाय. गोडसर लागतं. मादी मिळाली तर कवचाखाली केशरी लाख, म्हणजे अंड्यांचा गोळा, असते. ती मावशी वेगळी काढून वाटणात कालवतात, आणि रस्स्याला जो दाटपणा येतो तो नारळाने येणार नाही.

ही चिंबोरी खाडीची आहे आणि समुद्राचीही. कांदळवनाच्या चिखलात बीळ करून राहते. भरतीचं पाणी समुद्राइतकं खारट असतं तेव्हा तिला विशेष काही करावं लागत नाही, कारण अंगातलं पाणीही जवळपास तितकंच खारट असतं. जुलैत पावसाने खाडी गोडी झाली की तिच्या कल्ल्यांना कामाला लागावं लागतं: बाहेरच्या पातळ पाण्यातून क्षार वेचून आत ओढत राहायचे. यात ताकद खर्च होते, पण ज्याला हे जमत नाही त्याला खाडीत राहता येत नाही. अंडी द्यायला मात्र मादी खाडी सोडून बाहेर समुद्रात जाते, कारण पिल्लं अगदी बारीक असताना त्यांना असा बदल सोसत नाही. पिल्लं थोडी मोठी झाली की भरतीवर स्वार होऊन परत आत येतात. खाडीतली बारीक कोलंबीही बहुतेक अशीच समुद्रात जन्मून आत येते, इथल्या चिखलात खाऊन वाढते आणि परत बाहेर जाते. कांदळवन तोडून भराव घातला की पुढे समुद्रात कोलंबी कमी का मिळते, याचं उत्तर यातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

धक्क्यावरून खानावळीकडे जाताना घाई करू नका. ओहोटीची वेळ असेल तर कडेच्या चिखलात निवट्या दिसतात. मासाच, पण पाण्याबाहेर. डोळे डोक्यावर आलेले, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालतो, मधेच उडी मारतो. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो, कल्ल्यांच्या पोकळीत घोटभर पाणी साठवून ठेवतो. कातडी सुकायला लागली की एका कुशीवर लोळून ओली करतो. जवळ गेलात की बिळात गडप. बाजूला तिवराची, म्हणजे कांदळवनातलीच, झाडं आहेत. एक जून पान उलटसुलट करून बघा, उन्हात मिठाचे कण चमकताना दिसतील. जिभेला लावलं तर सरळ मीठच. तिवर मुळाशीच बरंचसं मीठ अडवतं आणि जे वर चढतं ते पानातून बाहेर टाकतं. बुडाशी चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी टोकं ही त्याची श्वसनमुळं, कारण त्या काळ्या चिखलात बोटभर खाली गेलं की हवाच नाही. पांढरी चिप्पी या कांदळवनातल्या दुसऱ्या झाडालाही अशीच मुळं, जरा जाडजूड. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष केलं.

निवट्या मावशी सुक्या करतात: तिखट, हळद, चिंच, लसूण, तेलावर परतून. त्यात काटा बारीक आहे, लहान मुलांना देताना बघून द्या. मला हा पदार्थ चिंबोरीच्या खालोखाल आवडतो आणि शहरातल्या हॉटेलात तो मिळत नाही.

बोयीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिला लोक नाक मुरडतात. "चिखलाचा वास येतो" ही तक्रार खरी आहे, आणि तसं होणारच, कारण ती चिखलच खाते. मावशी बोय साफ करत होत्या तेव्हा मी शेजारी बसले होते. पोट चिरल्यावर त्यांनी कडक गोल गाठ काढून माझ्या हातावर ठेवली. जठराचाच हा भाग, कोंबडीच्या पेटीसारखा स्नायूंचा. चिखल आणि वाळूसकट आलेलं शेवाळ, कुजकी पानं यात दळली जातात. खाडीतलं अन्न पडलेल्या पानांतून, कुजून, चिखलातून वर येतं, आणि त्या चिखलावर थेट जगणारा एवढा मोठा मासा म्हणजे बोय.

आणि हा चिखल तरी इथेच का साठतो? पावसाळ्यात नदी डोंगराची झीज घेऊन येते, आपल्याकडे काळ्या पाषाणाची. त्यातले सगळ्यात बारीक कण गोड्या पाण्यात तरंगतच राहतात, एकमेकांना दूर लोटतात. खारं पाणी भेटलं की त्यांचं हे लोटणं संपतं, ते एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून आपण घरी जे करतो तेच काम इथे समुद्राचं मीठ करतं. म्हणून नदी आणि समुद्र जिथे मिसळतात तिथे चिखलाची मैदानं तयार होतात, त्यावर तिवर रुजतं, तिवराच्या मुळांत आणखी गाळ अडकतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. मनोरीच्या पाण्याचा थेंब मी माझ्या जुन्या क्षारमापकावर बघते: मे महिन्यात समुद्राइतकाच, जुलैच्या मुसळधार पावसानंतर ओहोटीला निम्म्याच्याही खाली. याच पाण्यात बोय वर्षभर राहते.

तिचा वास घालवायला मावशी काळी त्वचा आणि पोटातलं काळं अस्तर पूर्ण खरवडतात, मीठ-हळद लावून ठेवतात आणि आंबट-तिखट कालवण करतात. वास जातो, चव राहते. बोय कुठून आणली हे मी विचारलं होतं. मावशी ती मुखाकडच्या बाजूची घेतात, आतल्या नाल्यांकडची नाही. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून निघते, शहरातून वाहत या खाडीला मिळते, आणि शहरात तिच्यात काय काय मिसळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न विचारणं महत्त्वाचं आणि त्याचं स्पष्ट उत्तर मिळणं त्याहून महत्त्वाचं.

बोटीतून पलीकडे जाताना मला नेहमी वाटतं की आपण एका बुडालेल्या दरीवरून चाललोय. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगात जगातलं कितीतरी पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला खूप दूर होता. नद्या तिथपर्यंत वाहत जाऊन दऱ्या कोरत होत्या. बर्फ वितळला, समुद्र चढत आला, साधारण ६,०००-७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास पोचला आणि दऱ्यांची तोंडं पाण्याखाली गेली. उल्हासची वसई खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, सगळ्या अशाच. मुंबईत जमीनही काही ठिकाणी खचली आहे: १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राच्या चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे सापडले, आणि खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. सगळ्या खाड्या अशा बुडालेल्या दऱ्या नसतात. ओडिशातलं चिलिका सरोवर वाळूच्या दांड्याने समुद्रापासून वेगळं झालं, नॉर्वेतल्या खोल खाड्या हिमनद्यांनी कोरल्या.

पावसाळ्यात खानावळ बंद असेल असं समजू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, बाजारात बर्फातली मासळी, आणि याच दिवसांत खाडीवर चाललेल्या या घरात ताजं मिळतं. जिताडा लाभला तर तेव्हाच. मोठ्या पावसात तो अंडी द्यायला मुखाकडे येतो. अलिबाग-पेणकडे खारेपाटातल्या तळ्यांत जिताडा पाळतात, तिथल्या लोकांना त्याचं मोल सांगायला नको. हा मासा आधी नर असतो आणि वय वाढलं की मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुतेक मादीच. माशाच्या रक्तात मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. समुद्रात असताना त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून फेकतो. नदीत गेला की उलट: पाणी आपोआप आत शिरतं, मग तो पिणं थांबवतो, भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि कल्ले मीठ आत ओढू लागतात. मावशी त्याचं डोकं वेगळं शिजवतात. ते मागून घ्या, सांगितलं नाही तर घरातच राहतं.

काही गोष्टी सुधारायला हव्यात. तिखट फार आहे आणि कमी करा म्हटलं तरी एका मिरचीनेच कमी होतं. सोलकढी पातळ असते. भात कधीकधी गच्च होतो. तांदळाची भाकरी घ्यावी, ती उत्तम, पातळ आणि पापुद्रा सुटलेली. हात धुवायची जागा अंगणात आहे आणि साबण दर वेळी असेलच असं नाही. चिंबोरी सांगितल्यावर पाऊण तास धरून चला, कारण ती टोपलीतून निवडल्यावरच कापली जाते. मागच्या खेपेला चिंबोरीच्या ताटाचे ४५० रुपये झाले, बोयीचं ताट याच्या निम्म्यात. भाव मासळीवर आहे, आधी विचारून घ्या. रोख पैसे ठेवा. म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर परतीची बोट भरतीच्या वेळेला धरा, ओहोटीला चढ-उतार करताना पाय घसरतो.

दोन दिवस आधी फोन करणं गरजेचं आहे आणि त्यांनी "नाही" म्हटलं तर दुसरी तिथी मागा, आग्रह करू नका. पहिल्यांदा जाणार असाल तर हिवाळ्यातली अमावास्या धरा: पहाटे काढलेली कालवं मिळतील, आणि दुपारी बाराची भरती असल्याने बोट आरामात धक्क्याला लागेल. निवट्या हव्या असतील तर फोनवरच सांगून ठेवा, त्या मावशी मागितल्याशिवाय आणत नाहीत.